दोनाने गुणा

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ उघडायला टाकलं की मी चहाचं आधण ठेवायला उठायचे. पुढचं पान, मलपृष्ठ आणि मधला कणा मिळून एकच फाइल, तीनशे डीपीआय, त्यात चित्रकाराने तसेच ठेवून पाठवलेले तीसेक लेअर. ती पूर्ण उघडेपर्यंत पाण्याला उकळी यायची. मध्येच चुकून माऊस हलला तर खिडकी पांढरीफटक पडायची आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मग चहा गाळा, प्या, कप विसळा, तोवर गडी शुद्धीवर येणार.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते आणि घरूनच डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून. २०२३ साली अधिक श्रावण आला, दिवाळी नोव्हेंबरात गेली आणि सगळ्या संपादकांना वाटलं की यंदा भरपूर वेळ आहे. म्हणजे मजकूर उशिरा, चित्रं त्याहून उशिरा, आणि घाई शेवटी माझ्या गळ्यात. ऑगस्टमध्ये तीन अंक एकदमच टेबलावर होते. पानं लावायचं इनडिझाइन उघडं, फोटोशॉप उघडं, क्रोममध्ये मेल आणि शेजारी व्हॉट्सॲप वेब, ज्यावर कवी मंडळी 'ताई, दुसऱ्या कडव्यातला स्वल्पविराम काढा' असं रात्री दहाला पाठवतात. स्वल्पविराम काढायला तीन सेकंद. तो ज्या खिडकीत आहे ती खिडकी पुढे यायला पाऊण मिनिट.

भाचा म्हणाला, "मावशी, नवीन घे ना. दहा वर्षांचं धूड झालं ते." नव्याचा आकडा त्याने सांगितला पंचेचाळीस हजार. तीन अंकांचे मिळून मला तेवढे सुटत नाहीत, आणि जे सुटतात ते फेब्रुवारीत सुटतात.

माझा कॉम्प्युटर २०१४ च्या शेवटी असेंबल करून घेतलेला. इंटेलचा आय-फाइव्ह ४४६०, म्हणजे चौथ्या पिढीचा, चार कोअरचा. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड साधा, एच-८१ चिपसेटचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लॉकडाऊनमध्ये त्यात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा जलद डिस्क, बसवून घेतली होती, तेव्हा तो एकदम तरणाबांड झाला होता. रॅम, म्हणजे चालू काम उघडं ठेवायची मेमरी, मात्र पहिल्या दिवसापासून तीच, चार जीबी.

टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' असं उघडलं तर वरचा आलेख शहाण्णव टक्क्यांवर आडवा पडलेला. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, ज्या मी इतक्या वर्षांत कधी वाचल्या नव्हत्या. वेग: १३३३ मेगाहर्ट्झ. स्लॉट वापरात: २ पैकी १. मदरबोर्डची पुस्तिका माळ्यावर, इस्त्रीच्या वॉरंटी कार्डाशेजारी सापडली. तीत लिहिलं होतं की रॅमचे स्लॉट दोन, जास्तीत जास्त सोळा जीबी, जात डीडीआर-थ्री, वेग १३३३ किंवा १६००.

ते '१६००' माझ्या डोक्यात बसलं. १३३३ वरून १६०० म्हणजे वीस टक्के जास्त. आमच्या धंद्यात वीस टक्के कुणी देत नाही, मागतात सगळे. मी ठरवलं की रॅम घ्यायची ती वेगवान घ्यायची. जीबी वाढणार हे होतंच, पण जीव अडकला होता वेगात.

पहिली खरेदी ऑनलाइन केली आणि तिथेच फसले. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, सोळाशेच्या, कोऱ्या करकरीत, आणि जोडीची किंमतही सोळाशेच रुपये. किंमत बघून शंका यायला हवी होती. मला योगायोगाची गंमत वाटली.

पट्ट्या आल्या त्या रात्री जेवणं उरकल्यावर सीपीयूचा डबा उघडला. जुनी पट्टी काढली, नव्या दोन बसवल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच. आणि डब्यात बाटलीच्या बुचाएवढा एक स्पीकर लोंबत असतो, तो भोकाड पसरून ओरडायला लागला. लांब टूंऽऽ, मग शांतता, मग परत टूंऽऽ. आतून यजमानांनी विचारलं, "कुकर लावलायस का या वेळी?"

एकच पट्टी लावून बघितली, स्लॉट बदलून बघितला. टूंऽऽ. शेवटी हरले आणि जुनी चार जीबीची पट्टी परत बसवली. तर तिलाही टूंऽऽ.

तेव्हा मात्र पोटात गोळा आला. रात्रीचे साडेअकरा, तीन अंक आत, त्यातला एक सकाळी प्रूफला जायचा. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "मावशी, खोडरबर आहे का घरात?"

खोडरबर माझ्याकडे नेहमी असतं, पेन्सिलीने प्रूफं तपासते त्यामुळे. पट्टी टेबललॅम्पखाली धरली तर खालच्या कडेच्या सोनेरी दातांवर तपकिरी धूर बसल्यासारखा थर होता. आमच्या मागे ठाण्याची खाडी आहे. घरातली चांदीची निरांजनं दर दोन महिन्यांनी काळी पडतात, तर बंद डब्यातल्या या इवल्या मुलाम्याने नऊ पावसाळे कसे काढले असतील! वर्तमानपत्र पसरून पट्टी त्यावर ठेवली आणि दातांवर वरून खाली, एकाच दिशेने, खोडरबर ओढत गेले. काळे शेवयांसारखे तुकडे गळायला लागले. एका बाजूचे दात पिवळेधमक झाले, मग पट्टी उलटून दुसरी बाजू. स्लॉटच्या फटीतून कोऱ्या रंगाच्या ब्रशने धूळ काढली, तर तिच्याबरोबर पालीच्या अंड्याचं टरफलही निघालं. खोडरबराने सोन्याचा मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरावं, असं जाणकार सांगतात. रात्री साडेअकराला कन्नमवार नगरात आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठे मिळतं तेही त्यांनी सांगावं.

पट्टी परत दाबून बसवली. या वेळी 'टक्' असा आवाज आला, जो मघाशी आला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणजे दोष धुळीचा होता की माझ्या घाबरट अंगठ्याचा, देव जाणे. विंडोज उघडली. मी देवापुढे साखर ठेवली आणि झोपले.

सकाळी त्या पट्ट्यांची जाहिरात परत नीट वाचली. चौथ्या फोटोच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ही मेमरी फक्त एएमडीच्या मदरबोर्डसाठी. माझा इंटेलचा. पट्ट्या परत पाठवल्या, पैसे मिळाले, पण त्यात आठवडा गेला आणि तिसऱ्या अंकाच्या संपादकांनी दोनदा 'काही अडचण आहे का ताई' असं अतिशय गोड आवाजात विचारलं.

मग शनिवारी सकाळी लॅमिंग्टन रोड गाठला. रविवारी तिथे बहुतेक शटर बंद असतात, म्हणून शनिवार. विक्रोळीहून दादर, तिथला पूल चेंगरत ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं. पाऊस असा की छत्री फक्त चष्मा वाचवत होती. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर असलेल्या त्या लॉर्ड लॅमिंग्टनला आम्ही अजून सोडलेलं नाही. एकेकाळी इथे रेडिओचे सुटे भाग मिळत. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरच्या वेळी आले होते तेव्हा फुटपाथवर दर दहा पावलांना कुणीतरी कानाशी येऊन 'सॉफ्टवेअर? सीडी?' असं कुजबुजायचं. आता सगळ्या पाट्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या.

तळमजल्यावरच्या मोठ्या दुकानांत डीडीआर-थ्री म्हटल्यावर माना हलल्या. "पुराना माल है मॅडम, उपर देखो." एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्यात कार्टनांचा खच ओलांडून, एक गाळा सापडला. गाळा म्हणजे काय, दोन माणसं आणि एक काउंटर. काउंटरच्या काचेखाली थर्माकोलच्या खाचांत रॅमच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या, ग्रंथालयातल्या कार्डांसारख्या. मागच्या टेबलावर एक मदरबोर्ड नुसताच, डब्याशिवाय, पुठ्ठ्यावर पडलेला.

"बोर्ड कौनसा है?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं. साधारण माझ्याच वयाचा.

"एच एटी-वन. प्रोसेसर फोर्थ जनरेशन."

"कितना चाहिये?"

"आठ-आठ के दो. फास्टवाला."

'फास्टवाला' ऐकून त्याने लाल पत्र्याचं जाकीट घातलेली एक जोडी काढली. १८६६, गेमिंगची. हातात घेतल्यावर फार छान वाटलं. मी किंमत विचारणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "होय गे आये, नारळ घेतलंय. रातीक येतंय." फोन ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. दहा मिनिटं दोन मराठी माणसं इमानेइतबारे हिंदी झोडत होती. मुंबईत हे रोजचंच, तरी दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिथून मी मॅडमची ताई झाले आणि लाल जाकीट परत खणात गेलं.

"ताई, ही तुमच्या बोर्डात चालेल. पण धावेल सोळाशेने. एच एटी-वन सोळाशेच्या वर चढत नाय. वरचे पैसे मग त्या लाल रंगाचे."

त्याने दुसऱ्या दोन साध्या हिरव्या पट्ट्या काढल्या. कुठल्याशा कंपनीने ऑफिसातले शंभरेक कॉम्प्युटर एकदम काढून टाकले, त्यांतून निघालेल्या. डीडीआर-थ्रीचा बराचसा माल आता असाच येतो, याला ते पुलआउट म्हणतात. माझा कॉम्प्युटर जन्मला त्याच वर्षी बाजारात डीडीआर-फोर आली होती, म्हणजे मी घेतानाच मावळतीचं वाण घेतलं होतं. डीडीआर-फोर माझ्या बोर्डात बसतच नाही. दातांमधली खाच वेगळ्या जागी असते.

मी त्याला ऑनलाइन पट्ट्यांची गोष्ट सांगितली. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याने हिरव्या पट्टीवरचं लेबल माझ्यासमोर धरलं आणि पेनाच्या टोकाने एकेक अक्षर दाखवत गेला. आधी '८ जीबी'. मग 'टू-आर-एक्स-एट'. मग 'पीसी-थ्री-एल', शेवटी '१२८००-यू'.

"हा एक्स-एट बघून घ्यायचा. एकेक चिप आठ बिटांची. तुम्हाला आली त्यातल्या चिपा चार-चार बिटांच्या असतात. सोळा चिपा लावून चौसष्ट बिटं भरतात, पण ती मांडणी इंटेलच्या डेस्कटॉपला ओळखता येत नाय. वरून बघाल तर दोन्ही सारख्याच, सोळा नि सोळा." शेवटच्या यू वर त्याने पेन टेकवलं. "हा यू म्हणजे साधी. इथे आर असेल तर सर्व्हरची. ती तर फुकट दिली तरी घेऊ नका."

'एल'चाही अर्थ त्याने सांगितला. साधी डीडीआर-थ्री दीड व्होल्टवर चालते, एलवाली एक पूर्णांक पस्तीसवर. माझ्या बोर्डाला दोन्ही चालतात. आणि १२८०० चं कोडं मी परतीच्या गाडीत कागदावर सोडवलं. रॅम एका वेळी चौसष्ट बिट, म्हणजे आठ बाइट पुढे ढकलते. १६०० गुणिले ८ बरोबर १२,८००. म्हणजे सेकंदाला बारा हजार आठशे मेगाबाइट. जुन्या पट्टीवर १०६०० लिहिलं होतं, ते १३३३ गुणिले ८. इतकी वर्षं मला वाटायचं तो मॉडेल नंबर आहे.

मी विचारलं, जुनी चार जीबी ठेवून दुसऱ्या स्लॉटात एकच आठ जीबी टाकली तर? पैसेही वाचतील. तो म्हणाला चालेल, पण मग दोन्ही १३३३ नेच चालणार. स्लो लोकलच्या मागे फास्ट अडकली की दोन्ही स्लोच. शिवाय दोन स्लॉट म्हणजे दोन वाटा. दोन्हीकडे सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम माल उचलतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात हे मला वाचून माहीत होतं, पण माझा दुसरा स्लॉट नऊ वर्षं रिकामा आहे म्हणजे निम्मा रस्ता बंद आहे, असा त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्याने दोन्ही पट्ट्या त्या पुठ्ठ्यावरच्या मदरबोर्डात खोचल्या. बोर्डाला बटण नव्हतंच. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडल्या, पंखा फिरला, जुनाट मॉनिटरवर १६३८४ आकडा उमटला. अकराशेची एक सांगितली, दोन हजारांत जोडी ठरली, एक वर्षाची वॉरंटी. वॉरंटी म्हणजे पट्टीच्या कोपऱ्यावर एक इवलं स्टिकर आणि त्यावर बॉलपेनने तारीख. जुन्या पट्टीचे दोनशे देतो म्हणाला, पण ती मी आणली नव्हती.

पट्ट्या चंदेरी पिशवीत घालून दिल्या. बाहेर पाऊस कोसळतच होता. पर्समध्ये चष्म्याची डबी होती, त्यात त्या दोन्ही एकावर एक बरोब्बर मावल्या. चष्मा डोळ्यांवर, दोन हजारांची रॅम डबीत, आणि दादरच्या पुलावर मी पर्स पोटाशी धरून अशी चालले की बघणाऱ्याला आत सोनंच वाटावं.

या वेळी बसवताना घाई केली नाही. वायर काढली, मग बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. डबा आडवा टेबलावर. खिडकीच्या गजाला हात लावून घेतला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. ऑगस्टातल्या मुंबईच्या दमट हवेत ती अंगात साठते तरी कितपत, पण भाच्याने बजावलं होतं. खाच जुळवली, दोन्ही अंगठे दोन टोकांना ठेवून दाबलं. टक्. दुसरीही टक्. बटण दाबल्यावर स्क्रीन बराच वेळ काळा, मशीन एकदा आपलं आपणच बंद होऊन परत सुरू झालं, आणि तेवढ्या अवधीत मी दोन हजार रुपयांवर पाणी सोडून झालं होतं. मग विंडोज आली. सोळा जीबी.

आता वेग बघावा म्हणून सीपीयू-झेड उघडलं. हा छोटा प्रोग्राम भाच्याने बोर्डाचं नाव बघायला टाकून दिला होता. त्यात मेमरीच्या पानावर लिहिलं होतं: ६६५ मेगाहर्ट्झ.

सहाशे पासष्ट! सोळाशे सोडा, आधीच्या १३३३ च्याही निम्मे. बिलावर नंबर होता, तडक फोन लावला. आवाज शक्य तेवढा थंड ठेवून म्हटलं, "भाऊ, तुम्ही सोळाशेची म्हणून दिलीत. इथे सहाशे पासष्ट दाखवतंय."

"दोनाने गुणा, ताई."

"म्हणजे?"

"डीडीआरमधला डी म्हणजे डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल जातो. ते तुम्हाला ठोके दाखवतंय. दोनाने गुणा."

मी गुणलं. "तेराशे तीस."

पलीकडे शांतता. मग, "तेराशे?"

"तेराशे तीस."

"मग बायोसमध्ये बघा. कोणीतरी बांधून ठेवलेलं असेल."

मशीन परत सुरू करताना डिलीट दाबून ठेवलं, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगांच्या, निळ्या पानांत शिरले. मेमरी फ्रिक्वेन्सीसमोर 'ऑटो' असायला हवं, तिथे १३३३ निवडून ठेवलेलं होतं. असेंबल करणाऱ्याने २०१४ मध्ये स्वतःच्या हाताने ते ठेवलं असणार. त्याची पट्टी १३३३ ची होती, त्याचं काही चुकलं नाही. मी 'ऑटो' केलं, एफ-टेन दाबलं. सीपीयू-झेडमध्ये ७९८ आलं, टास्क मॅनेजरमध्ये १६००. दुकानदाराला फोन करून सांगितलं आणि मघाच्या आवाजाबद्दल आडून माफीही मागितली. तो म्हणाला, दिवसाला दोन फोन तरी याचेच असतात.

रात्री मेमटेस्ट-८६ लावून ठेवलं. पेनड्राइव्हवरून विंडोजशिवायच सुरू होतं आणि रॅमच्या कानाकोपऱ्यात आकडे लिहून परत वाचून बघतं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. पुलआउट माल घेतला की ही रात्र खर्चायलाच हवी, नाहीतर एखादी किडकी चिप प्रेसला जाणाऱ्या पीडीएफमध्ये कधी दात दाखवेल सांगता येत नाही. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होतं.

आणि फरक? प्रचंड. मुखपृष्ठ उघडायला टाकलं, उठायला म्हणून खुर्ची मागे सरकवली आणि चित्र समोर. १७६ पानी अंकाची छपाईची पीडीएफ काढायला आधी अकरा मिनिटं लागायची, ती साडेचारवर आली. क्रोम, व्हॉट्सॲप, फोटोशॉप सगळं उघडं आणि रॅम निम्मीही भरत नव्हती.

मी भाच्याला ऐटीत म्हटलं, बघ, सोळाशेची घेतली ना. त्याने शांतपणे विचारलं, "तेराशेवर ठेवून वेळ मोजलीस का?"

मोजली नव्हती. पुढच्या रविवारी मोजली. बायोसमध्ये परत १३३३ केलं, तोच अंक, तीच पीडीएफ, मोबाइलवर स्टॉपवॉच. साडेचार मिनिटं आणि वर सात-आठ सेकंद. परत करून बघितलं. तेच. ज्या वीस टक्क्यांसाठी मी एवढी धावपळ केली त्यांचे आठ सेकंद झाले होते.

मग एक पट्टी काढून, आठच जीबी १६०० वर ठेवून बघितली. पीडीएफला फारसा फरक नाही. पण पानांवरून झूम करत सरकताना चित्रं किंचित अडखळायला लागली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे स्क्रीनवरचं चित्रही याच रॅममधून जागा आणि वेग उसना घेतं. एक वाट बंद झाली की त्याला चिमटा बसतो. दुसरी पट्टी लावली, अडखळणं गेलं.

आठ सेकंदांचं कोडं सोडवायला मला जुनी पट्टी परत हातात घ्यावी लागली. लेबलांवर आणि सीपीयू-झेडमध्ये अजून एक आकडा असतो, सीएल. मागणी केल्यावर पहिला माल हाती यायला घड्याळाचे किती ठोके लागतात तो. जुनीचा ९, नवीचा ११. जुनीचा एक ठोका दीड नॅनोसेकंदाचा, नऊ ठोके म्हणजे साडेतेरा. नवीचा ठोका सव्वा नॅनोसेकंदाचा, अकरा ठोके म्हणजे पावणेचौदा. घड्याळ जलद झालं, पण वाट बघण्याचे ठोकेही वाढले, आणि पहिला माल यायला लागतो तेवढाच वेळ लागतो, किंबहुना पाव नॅनोसेकंद जास्तच. एकदा धार लागली की मग नवी पट्टी पुढे, पण माझ्या कामात धार कमी आणि फुटकळ मागण्याच फार.

तर मग अकराचे साडेचार कशाने झाले? जुनी चार जीबी भरली की विंडोज उरलेला पसारा एसएसडीवर नेऊन ठेवत होती आणि लागेल तसा परत आणत होती. साटा एसएसडी सेकंदाला फार तर साडेपाचशे मेगाबाइट देते. माझी ती 'हळू' १३३३ ची पट्टी दहा हजार सहाशे. मी दिवसभर वीसपट संथ जागी सामान ने-आण करत बसले होते आणि दोष रॅमच्या वेगाला देत होते. सोळा जीबी आल्यावर ती ने-आणच थांबली. १३३३ च्या घेतल्या असत्या तरी मुखपृष्ठ तेवढ्यातच उघडलं असतं. बायोसमध्ये मी तरीही परत १६०० च ठेवलंय. दुकानात दोन्हींची किंमत सारखीच होती आणि आठ सेकंद मी का सोडू?

तीनही अंक वेळेत गेले. एका अंकात तो स्वल्पविराम राहिला.

नोव्हेंबरात, भाऊबीजेच्या आसपास, अनोळखी वाटणाऱ्या नंबरवरून फोन आला. गाळ्यातलाच होता.

"ताई, ती तुमची जुनी फोर जीबी अजून आहे काय?"

चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवून दिली होती. आहे म्हटलं.

"एका दवाखान्याचा जुना बोर्ड आहे, जी-फॉर्टीवन. त्यांच्या मशिनीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, बदलता येत नाय. त्या बोर्डाला नवी फोर जीबी दिसतच नाय, आठ चिपांची. सोळा चिपांची जुनीच लागते. तुमची बघा ना, दोन्ही बाजूंनी आहेत काय?"

फोन खांद्यात धरून मी डबी उघडली आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. एका बाजूला आठ. उलटली. दुसऱ्या बाजूला आठ. दात अजून पिवळेधमक होते.

"आहेत. पण दोनशेला नाही देणार."

"तीनशे?"

"साडेतीनशे. आणि शनिवारी येते."